डेस्कटॉप संगणकातील पंखा : आवाज, बदल आणि दुरुस्तीचा इतिहास (१९७७ ते २००६)

सारांश

संगणकाचा इतिहास प्रामुख्याने वेग, स्मृती आणि आकार यांच्या आधारे लिहिला गेला आहे. संगणकात निर्माण होणारी उष्णता आणि ती बाहेर टाकणारा पंखा यांना त्या इतिहासात गौण स्थान मिळाले. प्रस्तुत लेखात डेस्कटॉप संगणकातील पंखा केव्हा व का आला, त्याचा आवाज का वाढला आणि जुना पंखा काढून नवा बसवण्याची शक्यता कशामुळे टिकून राहिली, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. पंख्याचा आवाज ही संपूर्ण संगणक निकामी झाल्याची खूण नसून एका झिजणाऱ्या आणि सहज बदलता येणाऱ्या भागाची खूण आहे, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे. महाविद्यालयांतील जुन्या संगणकांच्या निर्लेखनाशी या प्रतिपादनाचा थेट संबंध आहे.

बीजशब्द : डेस्कटॉप संगणक, पंखा, हीटसिंक, बेअरिंग, प्रमाणीकरण, दुरुस्ती, ई-कचरा

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा संगणक प्रयोगशाळेत काही वर्षे वापरात असलेला डेस्कटॉप संगणक सुरू केला की त्यातून घरघर ऐकू येते. सुरुवातीला ती सकाळच्या वेळी काही मिनिटे राहते व नंतर थांबते. काही महिन्यांनी ती दिवसभर टिकते. पुढे संगणक संथ झाल्याची तक्रार सुरू होते, काम करता करता तो आपोआप बंद पडतो आणि अखेरीस 'यंत्र जुने झाले' असा शेरा मारून त्याची रवानगी भांडारगृहात होते. या सर्व प्रवासात यंत्राचे कॅबिनेट उघडून आतील पंखा पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

डेस्कटॉप संगणकात सतत फिरणारे भाग मोजकेच असतात. हार्ड डिस्क आणि पंखे हे त्यांपैकी प्रमुख. प्रोसेसर, स्मृतिपट्ट्या व मदरबोर्ड यांमध्ये यांत्रिक हालचाल नसल्यामुळे ते भाग घर्षणाने झिजत नाहीत. पंखा मात्र दिवसाला आठ-दहा तास मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्या घेत असतो. त्यामुळे संगणकाच्या सर्व भागांत प्रथम थकणारा भाग तोच असावा, यात नवल नाही. तरीही त्याचे थकणे हे संपूर्ण यंत्राचे थकणे का मानले जाते, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पंखा संगणकात कसा आला हे पाहावे लागते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) डेस्कटॉप संगणकात पंख्याची गरज कोणत्या टप्प्यांनी निर्माण झाली हे पाहणे.
(आ) पंख्याच्या आवाजाची तांत्रिक कारणे आणि त्याविषयी उत्पादक व वापरकर्ते यांनी घेतलेली भूमिका तपासणे.
(इ) पंखा बदलण्याची शक्यता कशामुळे टिकून राहिली याचा शोध घेणे.
(ई) या इतिहासातून शैक्षणिक संस्थांना काय घेता येईल याचा विचार करणे.

लेखाची मुख्य व्याप्ती १९७७ ते २००६ अशी ठेवली आहे. १९७७ मध्ये ॲपल २ हा पंखा नसलेला संगणक बाजारात आला, तर २००६ मध्ये इंटेलच्या कोअर २ या प्रोसेसरांमुळे वाढत्या उष्णतेच्या स्पर्धेला पहिल्यांदा खीळ बसली. पूर्वपीठिका आणि नंतरच्या घडामोडी आवश्यक तेवढ्याच दिल्या आहेत.

३. पूर्वपीठिका : खोलीएवढे संगणक आणि त्यांची उष्णता

उष्णतेचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेल्या आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज वापरत असे. ही सर्व ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होत असल्याने ती बाहेर काढण्यासाठी मोठे ब्लोअर बसवावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. या काळात संगणकासाठी स्वतंत्र वातानुकूलित खोली असे. आवाज होता, परंतु तो यंत्राच्या खोलीत राही. संगणकाचा उपयोग करून घेणारा संशोधक बहुधा त्या खोलीबाहेरच असे.

याच काळात पुढे डेस्कटॉप संगणकाला उपयोगी पडणारे तंत्र वेगळ्या क्षेत्रात घडत होते. जर्मनीतील सेंट गेऑर्गेन येथे हर्मान पाप्स्ट यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने बाह्य घूर्णक असलेल्या मोटरींवर भर दिला. नेहमीच्या मोटरीत फिरणारा भाग आत व स्थिर भाग बाहेर असतो. बाह्य घूर्णकाच्या मोटरीत ही रचना उलट असते. फिरणाऱ्या वाटीच्या बाहेरच्या कडेवरच पाती बसवता येत असल्यामुळे पंखा चपटा होतो आणि चौकोनी चौकटीत मावतो. पुढे त्यात कार्बन ब्रश नसलेली एकदिश विद्युतप्रवाहावर चालणारी मोटर आली. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित छोटा संवेदक चुंबकाची स्थिती ओळखतो आणि त्यानुसार वेटोळ्यांतील प्रवाह बदलला जातो. आजही संगणकातील जवळपास प्रत्येक पंखा याच तत्त्वावर फिरतो.

४. पंख्याविना संगणक : एक आग्रह आणि त्याचे परिणाम

संगणक टेबलावर आला तेव्हा वापरणारा मनुष्य आणि उष्णता निर्माण करणारे यंत्र यांच्यातील भिंत नाहीशी झाली. आवाजाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

१९७७ च्या ॲपल २ मध्ये पंखा नसावा असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. तो पाळण्यासाठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा संच तयार केला. भारतीय बाजारात 'एसएमपीएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचांचे तत्त्व हेच आहे. जुन्या पद्धतीच्या संचाच्या तुलनेत तो हलका होता आणि त्यात कमी ऊर्जा वाया जात असे. परंतु ॲपल २ मध्ये आठ विस्तारखाचा होत्या. वापरकर्ते त्यांत अधिकाधिक कार्डे बसवू लागले तशी कॅबिनेटमधील उष्णता वाढली. मग केन्सिंग्टन कंपनीचा 'सिस्टिम सेव्हर' हा बाहेरून अडकवण्याचा पंखा लोक विकत घेऊ लागले. निर्मात्याने नाकारलेला पंखा वापरकर्त्याने स्वतःच्या पैशाने बसवला. दुरुस्तीच्या इतिहासात या घटनेला महत्त्व आहे.

१९८० च्या ॲपल ३ मध्येही पंखा नव्हता. उष्णता पसरवण्यासाठी जड धातूचा तळ वापरला होता. आरंभीच्या अनेक यंत्रांत चिप आपल्या खोबणीतून सैल होत असत. त्याला उष्णता कितपत जबाबदार होती आणि मंडलाच्या रचनेतील व जोडणीतील दोष कितपत, याबद्दल मतभेद आहेत. तथापि पंखा वगळण्याची किंमत काय असू शकते, याचे उदाहरण म्हणून हेच यंत्र पुढे सांगितले जाऊ लागले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरने वेगळा मार्ग स्वीकारला. त्याच्या ६३.५ वॅटच्या वीजपुरवठा संचातच पंखा होता आणि तो संपूर्ण कॅबिनेटमधील तापलेली हवा मागील बाजूने बाहेर टाकत असे. त्यातील ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ८०८८ या प्रोसेसरवर हीटसिंकही नव्हते. सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर असलेल्या त्या चिपला त्याची गरजच नव्हती. संपूर्ण संगणकासाठी वीजपुरवठा संचातील एकच पंखा ही रचना पुढील दशकभर बहुतेक डेस्कटॉप संगणकांनी उचलली.

१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये पुन्हा पंख्याविना रचना आली. जॉब्ज १९८५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि मार्च १९८७ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश एसई या यंत्रात पंखा बसवला गेला, कारण त्यात अंतर्गत हार्ड डिस्क आणि विस्तारखाच यांची सोय केली होती. सुरुवातीच्या एसई यंत्रांतील पंखा पिंजऱ्यासारख्या गोल आकाराचा होता व त्याचा आवाज फार होतो अशा तक्रारी आल्या. नंतरच्या यंत्रांत कंपनीने त्याऐवजी अधिक शांत असा अक्षीय पंखा बसवला. पंख्याच्या आवाजामुळे निर्मात्यालाच पंखा बदलावा लागल्याचे हे एक आरंभीचे व स्पष्ट उदाहरण होय.

५. प्रोसेसरवरील पंखा : १९८९ ते २००४

१९८९ मध्ये ८०४८६ प्रोसेसर आला. १९९२ मधील त्याच्या ६६ मेगाहर्ट्झच्या आवृत्तीपर्यंत प्रोसेसरवर हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा बसवणे सामान्य झाले. १९९३ च्या पहिल्या पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते व त्याच्या ६६ मेगाहर्ट्झच्या आवृत्तीत कमाल सुमारे १६ वॅट उष्णता निर्माण होत असे. नोव्हेंबर २००० मधील १.५ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मध्ये हे प्रमाण सुमारे ५५ वॅटपर्यंत गेले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या 'प्रेस्कॉट' या पिढीत साडेबारा कोटी ट्रान्झिस्टरांसह ते शंभर वॅटच्या पुढे गेले. साध्या घरगुती दिव्याएवढी उष्णता आता काही चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून काढायची होती.

या वाढीमागील कारण समजून घेण्यासाठी आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम पाहावा लागतो. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचे विद्युतदाबही त्याच प्रमाणात कमी केले तर दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता स्थिर राहते, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्षात विद्युतदाब त्या प्रमाणात उतरला नाही. तो एका मर्यादेखाली नेल्यास बंद अवस्थेतील ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाह गळू लागतो. दरम्यान गिगाहर्ट्झचा आकडा हा जाहिरातीचा मुख्य मुद्दा झाला होता. वेगासाठी दिलेली किंमत उष्णतेच्या रूपाने पंख्याकडे आणि आवाजाच्या रूपाने वापरकर्त्याच्या कानाकडे पोचली.

या काळात पंख्यांची संख्याही वाढली. वीजपुरवठा संचात एक, प्रोसेसरवर एक, कॅबिनेटच्या मागे एक आणि चित्रदर्शक कार्डावर आणखी एक, असे चार पंखे असणे सर्वसाधारण झाले. २००३ च्या पॉवर मॅक जी५ मध्ये नऊ पंखे होते. तेथे मात्र कॅबिनेटचे चार उष्णता-विभाग पाडून प्रत्येक विभागातील पंख्यांचा वेग स्वतंत्रपणे नियंत्रित केला होता, म्हणून पंखे अधिक असूनही आवाज आटोक्यात ठेवता आला.

६. आवाज कशामुळे होतो

पंख्याच्या आवाजाचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार हवेचा. पाती हवा कापताना निर्माण होणारा हा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर वायुप्रवाह निम्मा होतो, लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. त्यातच पात्यांच्या संख्येवर अवलंबून असणारा एक ठरावीक स्वर मिसळलेला असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर तो स्वर सेकंदाला ३५० कंपनांचा असतो.

दुसरा प्रकार बेअरिंगचा. स्वस्त पंख्यांत तेल शोषलेल्या सच्छिद्र कांस्याचा बुश असतो. नवा असताना तो अतिशय शांत चालतो. उष्णतेने तेल सुकले आणि धूळ आत गेली की दांडा बुशात डगमगू लागतो व खरखर सुरू होते. बॉल बेअरिंगचे पंखे उष्णता अधिक काळ सोसतात, परंतु नवे असतानाही त्यांचा किंचित आवाज येतो. द्रव-दाबावर आधारलेली बेअरिंगे या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न करतात. सकाळी संगणक सुरू करताना येणारी आणि काही वेळाने थांबणारी घरघर बहुधा याच दुसऱ्या प्रकारातील असते. थंड अवस्थेत घट्ट झालेले उरलेसुरले तेल यंत्र तापल्यावर पातळ होते, म्हणून ती थांबते.

तिसरा प्रकार कंपनांचा. पंख्याची कंपने स्क्रूमधून कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरतात आणि पत्रा निनादतो. पंखा व पत्रा यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवणे हा त्यावरचा जुना व परिणामकारक उपाय आहे.

हे तीन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. हवेचा आवाज हा रचनेचा परिणाम असतो. बेअरिंगचा आवाज हा झिजेचा परिणाम असतो व त्याला पंखा बदलणे हाच खरा उपाय आहे. पंख्याच्या मध्यावरील स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडण्याची युक्ती आपल्याकडील कारागिरांना परिचित आहे. तिने काही आठवडे किंवा महिने निभावतात. झिजलेला बुश मात्र त्यामुळे पूर्ववत होत नाही.

७. २००२-०३ मधील एक बोलके उदाहरण

ऑगस्ट २००२ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी४ ची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या सर्व प्रारूपांत दोन प्रोसेसर होते. मोठे हीटसिंक, वेगाने फिरणारा मुख्य पंखा आणि वीजपुरवठा संचातील लहान पंखे यांमुळे तिचा आवाज इतका होता की वापरकर्त्यांनी तिला 'विंडटनेल' म्हणजे वातबोगदा असे टोपणनाव दिले. ही यंत्रे घेणाऱ्यांत ध्वनिमुद्रण, चित्रपट-संपादन व मुद्रणपूर्व कामे करणारे व्यावसायिक मोठ्या संख्येने होते. ज्यांचा व्यवसायच ऐकण्याचा होता त्यांच्यासाठी ही केवळ गैरसोय नव्हती, तर कामातील अडथळा होता.

२००३ च्या प्रारंभी कंपनीने अदलाबदलीची योजना जाहीर केली. १९.९५ डॉलर इतका पाठवणीचा खर्च भरल्यास ग्राहकाला कमी आवाजाचा वीजपुरवठा संच आणि नवा पंखा मिळत असे. तो ग्राहकाने स्वतः बसवायचा आणि जुना परत पाठवायचा अशी पद्धत होती.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. एक, संगणकाचा आवाज हा वापरकर्त्याच्या नाजूकपणाचा विषय नसून उत्पादनाचा दोष मानला जाऊ शकतो, हे निर्मात्याने कृतीने मान्य केले. दोन, वीजपुरवठा संच आणि पंखा हे दोन्ही सामान्य ग्राहकाला साध्या अवजारांनी बदलता येतील असे भाग आहेत, हेही त्यातून मान्य झाले.

या सुमारास आवाजाकडे श्रमिकांच्या हिताच्या दृष्टीनेही पाहिले जात होते. कार्यालयीन यंत्रांचा आवाज मोजण्याची आयएसओ ७७७९ ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वीडनमधील कर्मचारी संघटनांच्या महासंघाने सुरू केलेल्या टीसीओ मानकांच्या कक्षेत १९९० च्या दशकात मॉनिटरपाठोपाठ संपूर्ण संगणक आला आणि आवाज हाही एक निकष ठरला. यंत्रासमोर दिवसभर बसणाऱ्यांच्या संघटनेने हा विषय हाती घ्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

८. प्रमाणित मापे आणि बदलाची शक्यता

जुना पंखा काढून नवा बसवता येतो तो केवळ कारागिराच्या कौशल्यामुळे नव्हे. नवा पंखा जुन्याच्या जागी बसेल अशी मापे आधी ठरलेली असावी लागतात. संगणकातील पंखे प्रामुख्याने ८०, ९२ आणि १२० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात येतात. त्यांच्या स्क्रूच्या छिद्रांमधील अंतर अनुक्रमे ७१.५, ८२.५ आणि १०५ मिलिमीटर असते. जाडी बहुधा २५ मिलिमीटर आणि विद्युतदाब १२ व्होल्ट असतो. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेमुळे कॅबिनेट, मदरबोर्ड व वीजपुरवठा संच यांची मापेही सर्वत्र सारखी झाली. म्हणून एका देशात बनलेल्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या देशातील पंखा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानातून आणलेले स्क्रू एकत्र बसू शकतात.

जोडणीतही असाच क्रम दिसतो. आरंभीचे पंखे दोन तारांचे होते. तिसऱ्या तारेने पंखा प्रत्येक फेरीमागे दोन स्पंद मदरबोर्डकडे पाठवू लागला व वेग मोजता येऊ लागला. २००० नंतरच्या दशकात चौथी तार आली. तिच्यावरून सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद होणारा संकेत पंख्याचा वेग ठरवतो. ही वारंवारता मानवी श्रवणमर्यादेच्या वरची असल्याने नियंत्रणाचाच वेगळा आवाज ऐकू येत नाही.

सर्वच उत्पादकांनी मात्र हा मार्ग स्वीकारला नाही. काही नामांकित कंपन्यांच्या संगणकांत पिनांचा क्रम वेगळा असे किंवा जोडणीचा आकारच निराळा असे. अशा यंत्रात बाजारातील पंखा बसवल्यास संगणक सुरू होताना पंखा नादुरुस्त असल्याचा संदेश येतो. भाग तोच, तत्त्व तेच, परंतु एका तारेच्या स्थानामुळे साधी दुरुस्ती कंपनीच्या सेवाकेंद्राची मक्तेदारी होते.

प्रत्यक्ष बदलाची पद्धत या इतिहासातूनच घडली आहे. प्रथम वीजजोडणी पूर्णपणे काढून आवाज कोणत्या पंख्याचा आहे ते हाताने फिरवून व दांड्याची डगमग पाहून ओळखावे. बाजू, जाडी, तारांची संख्या आणि चौकटीवरील हवेच्या दिशेचा बाण यांची नोंद घ्यावी. प्रोसेसरवरील हीटसिंक उचलावे लागले तर जुना उष्णतावाहक लेप पूर्ण पुसून नवा पातळ थर द्यावा. वीजपुरवठा संच मात्र अनुभवी तंत्रज्ञाशिवाय उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातील संधारित्रांमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि तो वीज बंद केल्यावरही काही काळ टिकू शकतो. त्या संचातील पंखा बिघडल्यास संपूर्ण संच बदलणे अधिक सुरक्षित ठरते.

जागा असेल तेथे मोठा पंखा बसवणे हिताचे असते. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा घेतल्यास तेवढाच वायुप्रवाह सुमारे एक-तृतीयांश वेगाने मिळतो. आवश्यक प्रवाहाचाही हिशेब करता येतो. १०० वॅट उष्णता बाहेर काढताना आतील हवा बाहेरच्यापेक्षा १० अंश सेल्सिअसनेच अधिक तापावी असे ठरवल्यास सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा पुरते. सावकाश फिरणारा एक चांगला पंखा हे काम करू शकतो.

९. २००४ नंतरचे वळण

२००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ च्या पुढील 'तेहास' या पिढीचे काम थांबवले आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतही रद्द केला. उष्णतेचा प्रश्न केवळ अधिक मोठ्या पंख्याने सुटणार नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुली होती. कॅबिनेटमधील हवेचा मार्ग सरळ करणारी बीटीएक्स ही नवी रचना इंटेलने पुढे केली होती. जुलै २००६ मध्ये आलेले कोअर २ ड्युओ प्रोसेसर मात्र ६५ वॅटच्या मर्यादेत अधिक काम करू लागले. उष्णता कमी झाल्यावर नव्या रचनेची निकड उरली नाही व बीटीएक्स मागे पडली. पुढील काळात चुंबकीय तबकड्यांऐवजी घनस्थिती संचयिका आल्या आणि आवाजाचे दुसरे मोठे उगमस्थानही बऱ्याच संगणकांतून गेले. अशा रीतीने जुन्या संगणकात पंखा हाच आवाजाचा प्रमुख स्रोत उरला.

१०. महाविद्यालयीन संदर्भ

या इतिहासाचा महाविद्यालयांशी संबंध तीन बाबतींत येतो.

पहिली बाब हवामानाची. कॅबिनेटमधील तापमान हे खोलीच्या तापमानावर अवलंबून असते. आतील हवा १५ अंशांनी तापत असेल, तर २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती ३७ अंशांवर राहते आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ५७ अंशांवर जाते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पंखा अधिक वेगाने फिरतो, बुशातील तेल लवकर सुकते आणि खिडकीतून येणारी धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत जमून वाट अडवते.

दुसरी बाब निदानाची. पेंटियम ४ पासून पुढच्या प्रोसेसरांत तापमान मर्यादेबाहेर गेल्यास काम आपोआप संथ करण्याची सोय आहे. तिच्यामुळे चिप वाचते, परंतु वापरणाऱ्याला संगणक 'जुना व संथ' वाटू लागतो. धुळीने भरलेले हीटसिंक आणि अडखळणारा पंखा असे ज्याचे खरे कारण आहे त्या तक्रारीवर नवा संगणक खरेदी करणे हा उपाय सुचवला जातो. निर्लेखन समितीपुढे आलेल्या यंत्राची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत एक संपूर्ण वस्तू म्हणून असते. त्याचा कोणता भाग बिघडला हे नोंदवण्यासाठी तेथे रकाना नसतो. त्यामुळे काही शे रुपयांच्या भागाच्या बिघाडापायी संपूर्ण यंत्र भंगारात जाते.

तिसरी बाब ध्वनीची. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला गेला आणि दिवसा ५० डेसिबलची मर्यादा ठरवण्यात आली. हे नियम बाहेरच्या परिसराचे आहेत. प्रयोगशाळेच्या आत होणाऱ्या आवाजाची दखल आपण क्वचितच घेतो. समान आवाजाची वीस यंत्रे एकत्र चालली तर एकूण ध्वनिशक्ती एका यंत्रापेक्षा १३ डेसिबलने वाढते. मागच्या रांगेतील विद्यार्थ्याला शिक्षकाचे बोलणे ऐकू येत नाही, याचे कारण पुष्कळदा वर्गशिस्तीत नसून यंत्रांच्या रांगेत असते.

याखेरीज ई-कचऱ्याचा प्रश्न आहे. भारतात २०११ मध्ये ई-कचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम आले व ते मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या नियमांनी मोठ्या प्रमाणावरील ग्राहकांच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा उल्लेख केला. त्यांची जागा घेणारे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. कचऱ्याची विल्हेवाट नियमानुसार लावणे हे कर्तव्य आहेच. पण जे यंत्र कचरा झालेलेच नाही त्याला कचऱ्यात न ढकलणे हे त्याआधीचे कर्तव्य होय.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) डेस्कटॉप संगणकातील पंखा हा आरंभापासूनचा अपरिहार्य भाग नव्हता. विस्तारक्षमता आणि प्रोसेसरचा वेग यांच्या वाढत्या मागणीमुळे तो आला व त्याची संख्या वाढत गेली.

(२) १९९३ ते २००४ या काळात वाढलेला आवाज हा वेगाच्या स्पर्धेचा परिणाम होता. त्याची किंमत यंत्रासमोर बसणाऱ्याने मोजली.

(३) १९८७ व २००३ मधील उदाहरणांवरून दिसते की वापरकर्त्यांनी तक्रार लावून धरल्यास निर्माते पंखा बदलतात.

(४) पंखा बदलण्याची शक्यता प्रमाणित मापांमुळे टिकली. जेथे ही मापे मुद्दाम टाळली गेली तेथे दुरुस्ती कठीण झाली. म्हणून खरेदीच्या वेळीच प्रमाणित पंखा व वीजपुरवठा संच यांची अट निविदेत घालणे संस्थांच्या हिताचे आहे.

(५) निर्लेखनापूर्वी प्रत्येक संगणकाचे कॅबिनेट उघडून धूळ काढणे, पंखे तपासणे आणि आवश्यक तेथे बदलणे ही पायरी सक्तीची करावी. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. वर्षातून एकदा, उन्हाळी सुटीत, प्रयोगशाळा साहाय्यक व विद्यार्थी यांच्या मदतीने हे काम होऊ शकते आणि विद्यार्थ्यांना यंत्राच्या अंतरंगाचा परिचय घडतो तो वेगळाच.

घरघरणारा संगणक आपल्याला आपली एक साधी गरज सांगत असतो. ती ऐकून घेण्याची सवय संस्थेला लागली, तर अनेक यंत्रे आणखी काही वर्षे शांतपणे काम करीत राहतील.